थोरलं कार्ड, धाकटं कार्ड

...नाही, नाही, मला विचारूच नका, मी हात जोडतो, हे घ्यावं का ते घ्यावं एवढा प्रश्न सोडून दुसरं काहीही विचारा, माझं वजन विचारा, लग्न का झालं नाही ते विचारा, मी मांडी घालून सविस्तर सांगेन, पण हे का ते... अहो, या एका प्रश्नापायी मी आठवडाभर स्वतःच्या घरात उभ्याउभ्या जेवलोय. बसायचं कुठे? दादाच्या शेजारी बसलो की वहिनींना वाटणार मी दादाच्या बाजूचा, वहिनींच्या शेजारी बसलो की दादा घास चावायचा थांबणार. मग मी आपलं ताट हातात घ्यायचं, फ्रिजला पाठ टेकवायची आणि खाली मान घालून गिळायचं. आई म्हणायची, "अरे बस की, काय वाढप्यासारखा उभा आहेस?" आता आईला काय सांगू?

पण थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हालाही वाटायचं की चूक माझीच. मी लिहितो. लगेच आदराने बघू नका, कथा-कविता नाही लिहीत. संगणकात ते ग्राफिक्स कार्ड असतं ना, पडद्यावर चित्र उमटवायचं काम करणारं, त्या कार्डांच्या तुलना लिहितो मी एका वेबसाइटसाठी. हे कार्ड विरुद्ध ते कार्ड. डावीकडे एक, उजवीकडे एक, मध्ये रेघ. कुस्तीच म्हणा ना, फक्त आमच्या कुस्तीत कोणी कोणाला पाडत नाही. पाडायचंच नाही असा नियम आहे. आमचे संपादक बोलताना डोळे मिटून घेतात, पहिल्याच दिवशी मिटले आणि म्हणाले, "हे बघ, डावं कार्ड ज्याच्या घरात आहे तोसुद्धा आपलं पान वाचतो आणि उजवं ज्याच्या घरात आहे तोसुद्धा वाचतो. दोघांनाही वाटलं पाहिजे की आपण केलं तेच बरोबर. कोणी नाराज होऊन जाता कामा नये." मी म्हटलं, "पण साहेब, शेवटी कुठलं चांगलं ते तर सांगावं लागेल ना?" तेव्हा एक डोळा उघडला त्यांनी. "शेवटी एक वाक्य लिहायचं. निवड तुमच्या गरजेवर अवलंबून आहे."

झालं. तेव्हापासून तुम्हाला सांगतो, मी पानामागून पान लिहितोय आणि प्रत्येक पानाच्या तळाशी हेच... निवड तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. बोटांनाच सवय लागलीय, मी दुसरीकडे बघत असलो तरी ती टाइप करतात. आणि बोटांपुरतं राहिलं असतं तर ठीक, ते तोंडात येऊन बसलं. केस कापायला गेलो, तो म्हणाला, "बारीक करू की मध्यम?" मी म्हटलं, "दोन्हीचे आपापले फायदे आहेत." त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं, शेवटी त्या माणसाने एक बाजू बारीक केली आणि एक मध्यम. महिनाभर मी फोटोत एकाच बाजूने उभा राहायचो.

आता तुम्ही म्हणाल, निदान त्या कार्डांमधलं तरी याला कळत असेल. कळतं की! आकडे तोंडपाठ आहेत माझे. कोणाची मेमरी किती, कोण किती वीज पितं, कोणाला किती पंखे, लांबी, रुंदी, सगळं. फक्त हातात कधी धरलं नव्हतं एकसुद्धा. अहो, हसताय काय, हवामान सांगणारा माणूस काय ढगात बसून येतो? मला कंपनीने छापलेले तक्ते येतात, त्यातून मी लिहितो. आणि त्या तक्त्यात सगळ्यात वर काय असतं माहितीय? कागदावरची ताकद. म्हणजे असं बघा, एक कचेरी आहे, तिच्यात समजा शंभर कारकून आहेत, एक कारकून तासाला दहा अर्ज निपटतो, म्हणून ती कचेरी तासाला हजार अर्ज निपटते. असा हिशोब. त्यात कोणी चहाला उठत नाही, कोणाचं पेन वाळत नाही, कोणाला घरून फोन येत नाही, एकाचं टेबल भरून कागद खाली पडलेत असं होत नाही. कार्डाचं तंतोतंत तसंच. आतले बारके बारके कामगार मोजायचे, ते सेकंदाला किती वेळा हात हलवतात ते मोजायचं, गुणाकार करायचा, आणि हा आला प्रचंड आकडा, लिहा वर ठळक अक्षरात. तेवढी कामं ते कार्ड जन्मात कधी करणार नाही, पण कागदावर करतं. माझ्यासारखंच. मीपण कागदावर बऱ्याच गोष्टी करतो.

तर, आमच्या वहिनी. फर्निचरच्या शोरूममध्ये नोकरीला होत्या, तिथला मॅनेजर सारखा टोचून बोलायचा, एक दिवस वहिनी उठल्या, टेबलावर किल्ल्या ठेवल्या आणि घरी आल्या. तो मागून म्हणाला म्हणे, "याल परत." हे "याल परत" वहिनींच्या डोक्यात रुतून बसलं. घरी स्वयंपाकघराला लागून जी खोली आहे ना, पूर्वी तिथे आमच्या सायकली असायच्या, तिथे त्यांनी टेबल टाकलं, संगणक घेतला, भिंतीला लॅमिनेटचे तुकडे आणि कपाटांच्या मुठी टांगल्या आणि लोकांच्या घरातले ओटे, कपाटं संगणकात आधी उभी करून दाखवायला लागल्या. म्हणजे घर बांधायच्या आधीच तुम्ही त्यात फिरून यायचं, कपाटाचं दार कुठे अडतंय ते बघायचं. छान चाललं होतं. ओटे, ओटे, ओटे. आणि एक दिवस एक डॉक्टर बाई आल्या. त्यांना लहान मुलांचा दवाखाना बांधायचा होता, अख्खा, मजल्यांसकट. "पूर्ण फिरून दाखवू शकाल? दारापासून गच्चीपर्यंत?" वहिनी म्हणाल्या, "का नाही?" हे वहिनींचं नेहमीचं, आधी का नाही म्हणायचं आणि मग स्वयंपाकघरात येऊन पाणी पीत उभं राहायचं.

आणि दवाखाना संगणकात उभा करून होतो न होतो तोच वहिनींच्या मशीनचं जुनं कार्ड गेलं. पडद्यावर आधी हिरवे ठिपके आले, मग पट्टे आले, मग काहीच येईना. डॉक्टर बाई सोमवारी बघायला येणार, दवाखाना तयार, आणि पडदा काळा. दाखवता आलं नाही तर काम दुसऱ्याला जाणार, आणि गेलं की वहिनी म्हणणार नाहीत काही, पण त्या गुपचूप शोरूमला फोन करतील, हे मला दिसत होतं. 

इथून खरी गंमत सुरू. गंमत म्हणजे तुमची, माझी नाही. दादाने मला गॅलरीत बोलावलं. आमचा दादा पंपांच्या कारखान्यात तपासनीस आहे, तिथे जड ते चांगलं असं धोरण आहे. हळूच म्हणाला, "तुझ्या वहिनीला कार्ड आणून देतो, तिला सांगू नकोस. दुकानात दोन बघितली. एक गेल्या वर्षीचं आहे, पण दणकट वाटतं. बरं आहे ना?" आता त्या कार्डांची खरी नावं तुम्हाला सांगत नाही, नुसते आकडे आणि अक्षरं असतात, डोकं उठेल तुमचं. गेल्या वर्षीचं मोठं, त्याला आपण थोरलं म्हणू. यंदाचं नवं, जरा आटोपशीर, ते धाकटं. तर दादा म्हणाला थोरलं बरं आहे ना, आणि मी म्हटलं, "बरं आहे की. मेमरी दुप्पट आहे." आणि वर सवयीने, "अर्थात, निवड तुमच्या गरजेवर अवलंबून आहे." दादाने ते ऐकलंच नाही. लोक ते वाक्य ऐकतच नाहीत, म्हणून तर ते वाक्य चालतं.

संध्याकाळी वहिनींनी बोलावलं. "भावजी, ह्यांना सांगू नका, ह्यांना उगाच काळजी लागते. मी माझी माझी घेते कार्ड. दोन आहेत डोळ्यासमोर. ते नवीन जास्त वेगवान आहे ना?" आता त्या धाकट्याची कागदावरची ताकद खरंच जास्त होती, वीजही कमी खायचं, मी काय खोटं बोलू? म्हटलं, "आहे की. कागदावर तर आहेच. अर्थात, निवड..." "हो हो," म्हणाल्या वहिनी, "कळलं."

तुम्ही म्हणाल, तुला कळलं नाही का रे काय होणार ते? नाही कळलं! अहो, माझी पानं इतकी माणसं वाचतात, पण वाचून कोणी उठून काही विकत घेतल्याचं माझ्या कधी कानावर आलं नव्हतं. मला वाटलं हे दोघंही तसेच, वाचतील, उसासा टाकतील आणि जुनंच दुरुस्त करतील.

दुसऱ्या दिवशी दादा दारातून आत आला, पिशवीत खोकं, चेहऱ्यावर चोरटं हसू. आणि जेवणाच्या टेबलावर आधीच एक खोकं, त्याच्यामागे वहिनी, त्यांच्याही चेहऱ्यावर तसंच हसू. मी मध्ये. दोन खोकी शेजारी शेजारी आली आणि दोन्ही हसू हळूहळू मावळली, मी डोळ्यांनी बघितलं, पंख्याचं बटण बंद केल्यावर पाती जशी थांबतात तशी. दादा म्हणाला, "मी याला विचारून आणलं." वहिनी म्हणाल्या, "मीसुद्धा भावजींनाच विचारलं." आणि दोघांनी मान माझ्याकडे वळवली.  आई आतून विचारतेय, "काय रे, काय आणलं?"

एक परत करायचं हे उघड होतं. दुकानदार म्हणाला होता, ओरखडा नसेल तर आठवड्यात परत घेऊ. पण कोणतं? दादा म्हणाला, "तुझं ठेव." असं म्हणाला की त्याचा अर्थ माझं ठेव असा होता. वहिनी म्हणाल्या, "नको, तुमचं ठेवू." त्याचा अर्थ मी करतेय ते काम माझं आहे आणि तुम्ही मला विचारलंही नाहीत. हे सगळं दोन वाक्यांत. मग दोघं गप्प. आणि गप्प म्हणजे कसे, "मीठ द्या" हेसुद्धा आईमार्फत. मला वाटलं, अरे, मी काय करून बसलो, चांगला चाललेला संसार आणि मध्ये माझी रेघ... डावीकडे दादा, उजवीकडे वहिनी.

त्यात दादाला माझं पान सापडलं. थोरलं विरुद्ध धाकटं, नेमकी हीच जोडी मी कधीतरी लिहिली होती. जेवताना चष्मा लावून वाचायला लागला, "'मेमरी दुप्पट असल्याने मोठ्या कामांसाठी हे कार्ड भरवशाचं ठरतं.' हे कोणी लिहिलं?" मी फ्रिजपाशी. म्हटलं, "मी." वहिनींनी शांतपणे आपला फोन काढला. "'नव्या पद्धतीची रचना, कमी वीज आणि जास्त वेग यांमुळे चोखंदळ ग्राहक याच कार्डाकडे वळतात.' हे कोणी लिहिलं, भावजी?" म्हटलं, "मीच." दादा वाचतोय, "'वजनाने भक्कम.'" वहिनी वाचतायत, "'त्या मानाने थोरलं लवकर तापतं.'" दादा म्हणाला, "कोण तापतं?" वहिनी म्हणाल्या, "मी वाचतेय फक्त." आईने हात थांबवला आणि विचारलं, "अरे पण खाली काय लिहिलंय? शेवटी काहीतरी ठरवलं असेल ना याने?" दोघांनी एकदम अंगठ्याने पान वर सरकवलं, तळाशी गेले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोघं एकाच वेळी एकच वाक्य बोलले. निवड तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. आणि पुन्हा वेगवेगळ्या खोल्यांत गेले.

मला जेवण जाईना. कामावर बसलो की सगळ्या तक्त्यांत हे दोघंच दिसायचे. कोणतं म्हणू? थोरलं म्हटलं तर वहिनींना वाटणार, शेवटी रक्ताचं नातं. अहो, त्या बाईने मला काय काय केलंय, माझ्या आजारपणात इस्पितळात डबे घेऊन आल्यात, माझ्या एका बाजूच्या केसांना एकट्या त्याच हसल्या नव्हत्या. धाकटं म्हटलं तर दादाला वाटणार, भाऊसुद्धा तिच्याच बाजूचा. दोघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं, "जे खरं मत असेल ते कळू दे, मला वाईट वाटणार नाही." हे वाक्य ज्याने काढलं ना, त्याला मला एकदा भेटायचंय.

शेवटी मी म्हटलं, लावून बघू. रविवारी दुपारी. आयुष्यात पहिल्यांदा मी ग्राफिक्स कार्ड हातात धरलं आणि सांगतो, दुसरा हातही लावावा लागला, कारण आकडे हलके असतात हो, ही वस्तू चांगली विटेएवढी. वहिनींच्या मशीनची बाजू उघडली, आत धूळ. दादा मागे विजेरी धरून उभा, वहिनी टेबलापाशी हाताची घडी घालून, आई दारात स्टूल टाकून बसलेली, जशी काही नाटकाला आलीय. मी कार्ड खाचेत दाबतोय, ते बसेना. मला घाम. दादा म्हणाला, "दाब की." मी म्हटलं, "मोडेल." वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आधी कधी लावलंय ना?" मी म्हटलं, "कागदावर." तेवढ्यात खट्ट वाजलं. कार्डाचं का माझ्या मनगटाचं ते मला आजही माहीत नाही.

आधी धाकटं. वहिनींनी एक नेहमीचा ओटा उघडला. काय सांगू, लोण्यासारखं चाललं ते. खिडकीतून ऊन आलंय, नळ चमकतोय, कपाटाचं दार उघडलं, बंद झालं, आणि पंख्यांचा आवाज नाही. वहिनींचा चेहरा असा उजळला, आणि लगेच त्यांनी तो आवरला. मग थोरलं लावलं. तोच ओटा. चाललं, नाही असं नाही, पण कण्हत कुंथत, तिन्ही पंखे असे फिरायला लागले की आई म्हणाली, "गिरणी सुरू झाली का?" दादा विजेरीकडे बघायला लागला. मला हायसं वाटलं, म्हटलं चला, लागला निकाल, धाकटं. तोंड उघडणार होतो. तुम्हाला शपथेवर सांगतो, धाकटं म्हणणार होतो. वहिनी म्हणाल्या, "आता दवाखाना उघडते."

पुन्हा धाकटं लावलं. दवाखान्याचं दार उघडलं, आत गेलो, बाकं, चित्रं काढलेल्या भिंती, मस्त. जिना चढलो. पहिला मजला, पाळणे, पडदे. आणि मग हळूहळू भिंतींवरची चित्रं पुसट व्हायला लागली. मग भिंती राखाडी. मग दारांच्या मुठी गेल्या. मग डॉक्टर बाईंच्या खोलीत शिरता शिरता चित्र जे अडकलं, ते कपाटाला नाक लावून उभं. पुढे जाईना, मागे येईना. त्याची मेमरी भरली होती हो, ते माझं कारकुनाचं टेबल, वेग आहे पण कागद ठेवायला जागा नाही. वहिनींनी फक्त एकदा फोनकडे बघितलं, आणि मला तो शोरूमचा मॅनेजर दिसला.

मग थोरलं. पंखे गरगरताहेत, खोली तापलीय, आई पदराने वारा घेतेय, आणि ते कार्ड एकेक पायरी करत, धापा टाकत, पहिला मजला, दुसरा मजला, प्रत्येक मूठ जागेवर, प्रत्येक चित्र जागेवर, थेट गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत घेऊन गेलं आम्हाला.  दादाला आनंद झाला होता आणि तो लपवायला कुठे जागा नव्हती, म्हणून त्याने विजेरी बंद केली, चालू केली, बंद केली.

आई म्हणाली, "मग? कोणाचं चांगलं निघालं?"

सगळे माझ्याकडे. आणि ऐका, इथेच माझं नशीब बघा. रोजच्या कामाला, म्हणजे ओट्यांना, धाकटंच उत्तम. अशा मोठ्या कामाला थोरल्याशिवाय पर्याय नाही. मी पहिल्यांदा आयुष्यात कार्ड हातात धरून, घाम गाळून, डोळ्यांनी बघून, मनापासून, प्रामाणिकपणे एका निष्कर्षाला आलो होतो, आणि तो निष्कर्ष मला सांगणं भाग होतं. मी घसा खाकरला. म्हटलं, "वहिनी, दादा, खरं सांगतो. निवड तुमच्या गरजेवर अवलंबून आहे."

वहिनींनी मशीन बंद केलं. दादा म्हणाला, "निघ." मी म्हटलं, "अरे, पण या वेळेला ते खरं आहे!" "निघ म्हटलं ना." वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्यासमोर घर पेटलं असतं ना, तरी तुम्ही पाण्याचे फायदे आणि आगीचे फायदे सांगत बसला असता." दादा फस्सकन हसला. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, आणि त्याही हसल्या. माझ्यावर! पण हसल्या. मग दोघं स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं, आत कुजबुज, चहाच्या कपांचा आवाज, पुन्हा हसणं, मधून मधून माझं नाव. आठवड्यात पहिल्यांदा बोलत होते एकमेकांशी. मी सायकलींच्या खोलीत स्क्रू गोळा करतोय.

बाहेर आले ते एका मताने. वहिनी म्हणाल्या, "आम्ही ठरवलंय. उद्या डॉक्टर बाईंना थोरल्यावर दाखवायचं. दवाखाना मिळाला तर पुढे मोठीच कामं येतील, मग थोरलं ठेवायचं. नाही मिळाला तर ओटे आहेतच, मग धाकटं." मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या गरजेवर..." दोघं एकदम म्हणाले, "गप्प बस." वहिनी पहिल्यांदाच मला एकेरीत बोलल्या.

सोमवारी डॉक्टर बाई आल्या. मी खरं तर घराबाहेर पडणार होतो, पण कार्ड अडलं तर कोण बघणार म्हणून वहिनींनी मला दाराशी उभं केलं, आणि डॉक्टर बाईंना ओळख करून दिली, "हे आमचे भावजी, तुलना करण्यात तज्ज्ञ आहेत." त्यांना काय हौस. दवाखाना दारापासून गच्चीपर्यंत फिरून झाला, कुठे अडलं नाही, डॉक्टर बाई खूश. आणि मग म्हणाल्या, "एकच अडचण आहे. मुलांच्या खोलीच्या भिंती. फिकट निळ्या की फिकट हिरव्या? मी आणि माझे मिस्टर कधीपासून भांडतोय. ते ठरेपर्यंत काही पुढे जाणार नाही बघा." वहिनींनी निळा दाखवला, हिरवा दाखवला, पुन्हा निळा. डॉक्टर बाईंनी पर्स उचलली, म्हणाल्या, "जाऊ दे, घरी विचार करून कळवते." कळवते म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतं. वहिनींचं हसू तसंच होतं, पण त्यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता. आणि डॉक्टर बाई जाता जाता माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तज्ज्ञ ना? तुम्ही सांगा."

अहो, माझी जीभ... ते वाक्य दातांपर्यंत आलं होतं. निवड तुमच्या. पहिले दोन शब्द तर हवेत पोचलेच असतील. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ते बघणं मला सोसेना. मी डोळे मिटले, आमच्या संपादकांसारखे, आणि ओरडलो, "हिरवा!"

 डॉक्टर बाई म्हणाल्या, "हिरवा?" मी म्हटलं, "हिरवाच. प्रश्नच नाही."  डॉक्टर बाईंनी दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "बरं झालं विचारलं. तुम्ही हिरवा म्हणालात ना, मला असं चर्र झालं मनात. तेव्हाच कळलं, मला निळा हवाय." आणि पर्स खाली ठेवली, आणि काम वहिनींना दिलं. तिथल्या तिथे.

थोरलं राहिलं. धाकटं परत करायला दादा आणि वहिनी दोघं मिळून गेले, येताना रेंगाळत आले. शोरूमचं नाव आता घरात कोणी काढत नाही. सगळं छान झालं, माझं सोडून. कारण वहिनींनी मला कामाला लावलंय. गिऱ्हाईक आलं आणि दोन रंगांत, दोन मुठींत, दोन कपाटांत अडलं की वहिनी आतून हाक मारतात, "भावजी, जरा या." मी जायचं, बघायचं, आणि छातीठोकपणे एक नाव घ्यायचं. गिऱ्हाइकाला चर्र होतं, ते दुसरं घेतं आणि समाधानाने घरी जातं. एकसुद्धा नाराज होऊन गेलेलं नाही. परवा एकांच्या घरासाठी लाकडी रंगाची मूठ होती, मला मनापासून आवडलेली, फार सुंदर, मी अगदी कळकळीने सांगितलं, हीच घ्या. त्यांनी स्टीलची घेतली.

हल्ली मला खरंच काही आवडलं ना, तर मी दुसऱ्याचं नाव घेतो.